ज्याला दम लागतो तो पुढं

सुंदरानं टोमणा मारला आणि मालकांनी उत्तर दिलं नाय, तेव्हा जनाकाकी चढणीवर थांबली.

आम्ही पाच बायका आणि मालक एकामागोमाग एक होतो. डोईवर सुक्या मासळीच्या पाट्या. पौषातली सकाळ, गवत दवानं भिजलेलं. मालक म्हणजे माझे घरवाले, शिवराम. सुंदरा माझी शेजारीण. ती मागून बोलली, "भावजी, गिरणीत भोंगा झाला की घरी सोडायचे ना? हितं भोंगा नाय हो." एरवी त्यांनी तिला फिरवून दिलं असतं. वाडीपासून ओढ्यापर्यंत दोघांचं तेच चाललेलं. आता नुसती पाटी हलली.

काकी बोलली, "पाटी उतरव, शिवा."

"का? काय झालंय मला?"

"मी कुठं इचारलं काय झालंय? उतरव बोलले."

आता हे काम काय, ते आधी सांगते.

आमची वाडी संगमेश्वराकडं, घाटाच्या पायथ्याला. मालगुंडहून एक मावशी सुकट आणि बोंबील घेऊन बाजाराला यायची. तिचा माल आम्ही घ्यायचो, घाट चढून देशावरच्या आठवडा बाजारात विकायचो, येताना गूळ आणि मिरची आणायचो. ह्याला खेप बोलायचे. एसटी होती, पण ती लांबून वळसा घालून जायची, आणि मासळीची पाटी बघितली की कंडक्टर दारातच नाक धरायचा. खेपा हिवाळ्यातच. पावसात वाट निसरते, उन्हाळ्यात वाटेवर पाणी नाय.

जनाकाकी आमची पुढारी. कोण येणार, कोण किती उचलणार, सगळं तीच ठरवायची. तिच्यापुढं कोणी बोलत नसे. सुंदरा बोलायची, पण बोलून तेच करायची.

त्या वर्षी मुंबईच्या गिरण्या संपात बंद पडल्या. पुरुष माणसं गावाला परत आली. मालक कार्डिंगला होते. कार्डिंग म्हणजे जिथं कापूस पिंजून साफ करतात ते खातं. भात झोडून झालं आणि त्यांना काम राहिलं नाय. घर माझ्या खेपेवर चालत होतं. ते त्यांच्या घशाखाली उतरेना. एक दिवस काकीच्या अंगणात जाऊन बोलले, "मला पण न्या."

काकी बोलली, "एक खेप बघते. जमलं तर हिवाळाभर ये. नाय जमलं तर मागं लागायचं नाय."

म्हणजे त्या एका खेपेवर त्यांचं काम ठरणार होतं.

आदल्या दिवशी तयारी केली. पायाची नखं कापायची, कारण उतरताना बोटं पुढं आपटतात आणि वाढलेलं नख उखडतं. टाचांना कोकमाचं तेल लावायचं. जुन्या लुगड्याची चुंबळ घट्ट वळायची. चुंबळ म्हणजे डोकं आणि पाटी यांच्यामधली गुंडाळी, ती सैल झाली की मान जाते. पाटीत जड माल तळाला. भाकरी, चटणी, गुळाचा खडा फडक्यात. पाणी प्यायचं ते घोट घोट. आणि गरम कपडा असेल तर तो पाटीत ठेवायचा, अंगात नाय.

ह्यावर मालक भांडले. "एवढ्या थंडीत स्वेटर पाटीत ठेवून त्याची काय पूजा करू?"

मी बोलले, "चढताना घाम येतो. भिजलेला स्वेटर माथ्यावर वाऱ्याला गार पडतो. तिथं कोरडं पायजे."

घातलाच त्यांनी. पायात मुंबईचे कॅनव्हासचे बूट. बुटांना सगळ्या हसल्या. पण जांभ्याच्या सुट्या खड्यांवर ते चांगले धरत होते, आमचे अनवाणी पाय घसरत होते. ते मी बघितलं.

पायथ्याला घाटदेवाचा धोंडा आहे. तिथं काकी गाऱ्हाणं घालायची. नारळ ठेवायचा आणि प्रत्येकीनं आपलं काय दुखतंय खुपतंय ते देवाला मोठ्यानं सांगायचं. बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" बोलायचं. आपलं आपण सांगायचं, दुसऱ्याचं सांगायचं नाय. आणि देवासमोर खोटं कोण बोलणार? सुंदरा बोलली, उतरताना गुडघा कळ मारतो, सांभाळ. मी बोलले, मान आखडलीय. झालं की काकी पाट्यांतला माल कमीजास्त करायची. माझ्या पाटीतला थोडा माल दुसरीकडं गेला. सुंदराला काठी मिळाली.

मालकांची पाळी आली. ते बोलले, "माझं काय नाय देवा. ह्या सगळ्या आयाबहिणींना सुखरूप ने."

बायका खूश. "व्हय म्हाराजा" जरा जोरातच झालं. मी त्यांच्याकडं बघितलं, ते नारळाकडं बघत होते. घरी त्यांचा खोकला मी ऐकत होते. विचारलं की सर्दी बोलायचे. पण दुसऱ्याचं सांगायचं नाय ही रीत. पाट्या उचलल्या आणि निघालो.

चालताना आम्ही सारख्या बोलत राहायचो. एक म्हणजे रान जागं होतं, डुक्कर असेल तर बाजूला होतं. दुसरं, बोलता बोलता चालता आलं तर चाल बरोबर. बोलणं तुटलं की चाल जास्त झाली समजायचं. म्हणून सुंदराला उत्तर मिळालं नाय तेव्हा काकी थांबली.

मी पाटीला हात लावला, आम्ही दोघांनी ती खाली घेतली. पाटीखालून त्यांचं तोंड दिसलं. ओठ काळेनिळे पडलेले. स्वेटर पाठीला चिकटलेला. श्वास घेताना आतून शीळ वाजत होती.

"वाईच बसतो," ते बोलले. "मग निघू."

काकी बोलली, "वर कातळ हाय. पाय ठेवायला खोबणी, बाजूला दरी. तिथं तू बसलास तर मागची कुठं जाईल?"

मागची मीच होते.

"परत पाठवतेस?"

"तारा तुला घेऊन उतरंल," काकीनं माझ्याकडं बोट केलं. " एकट्याला कुणाला सोडत नाय मी."

"म्हणजे पुढल्या खेपेला नेणार नायस."

"नाय नेणार. पायथ्याला काय बोललास देवाला?"

मालक बुटाची नाडी ओढत राहिले.

"दम लागतो बोललो असतो तर नेलं असतंस?" त्यांनी विचारलं.

"ते मी ठरवलं असतं. तू ठरवलंस, म्हणून सगळी हितं अडकलोय."

मग काकी तिथंच वाटेवर उकिडवी बसली. डोळे मिटले. बोलली, "देव हितं पण हाय. सांग आता."

मालकांनी हात जोडले. मग बोलले, "कापसानं छाती भरलीय देवा. सपाटीला चालतं. चढाला दम पुरत नाय. गिरणी चालू झाली तरी मला त्या खात्यात परत जाववणार नाय. घरात कुणाला सांगितलं नाय."

मग काकीनं गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, ह्या शिवरामाची छाती धरते. लेकराला पदरात घे आणि वर ने." आम्ही बोललो, "व्हय म्हाराजा." मी जरा मागनं बोलले. गिरणीचं मला तिथंच कळलं होतं.

काकी उठली. त्यांच्या पाटीतला माल आम्हा पाचजणींत वाटला. तळाला थोडे बोंबील ठेवले. त्यांना स्वेटर काढायला लावला आणि बोलली, "आता तू पुढं."

"पुढं? मी सगळ्यांत हळू चालतो."

"म्हणूनच. मागं राहिलास की आम्हाला गाठायला पळशील. पुढं चाललास की आम्ही तुझ्या चालीनं येऊ."

सुंदरा बोलली, "ह्या चालीनं बाजार उठल काकी."

"उठू दे. परत बसतो तो."

आम्ही तसंच गेलो. ते थोडं चढायचे, उभे राहायचे, आम्ही पण उभ्या राहायचो. कातळावर त्यांनी एकेका खोबणीत बूट नीट रोवून पाय टाकला. मी त्याच जागी पाय ठेवत गेले. पाटी जड झाली होती, मान दुखत होती. पण इतक्या सावकाश मी तो कातळ कधी चढले नव्हते, आणि पायाला कापरं भरलं नाय.

माथ्यावर वारा होता. त्यांचा स्वेटर ओला. मी पाटीतलं माझं कोरडं पातळ काढून त्यांना गुंडाळलं. सुंदराला तोंड उघडायला एवढं पुरलं. "भावजी, हिरवा रंग शोभतो तुम्हाला."

"तुझ्या नवऱ्याला पण आणतो एक," ते बोलले. उत्तर आलं, तशी काकीनं भाकरी सोडली. ऊन चढलं होतं. खाली सगळं कोकण धुक्यात. खेपेला इतका वेळ आम्ही कधी बसलो नव्हतो.

बाजाराला उशीर झालाच. आमची जागा दुसऱ्यांनी धरली होती. दारोदार फिरून माल विकला, थोडा उरला तो परत आणला. गूळ कमी आला. सुंदरा उतरताना माझ्याशी बोलली नाय. तिचं बरोबर होतं, तिच्या घरी पण खाणारी तोंडं होती.

वाडीच्या तोंडाशी काकी मालकांना बोलली, "पुढल्या खेपेला लवकर निघू. तुझी पाटी हलकी. मिळकत पण हलकी. पटत असंल तर ये."

पटलं. पुढल्या खेपेला पायथ्याला त्यांची पाळी आली आणि त्यांनी छातीपासून सुरुवात केली ती कंबर, दाढ, डाव्या पायाचं कुरूप. शेवटी काकीच बोलली, "पुरे शिवा, देवाला अजून गिऱ्हाईकं हायत."

तीन-चार हिवाळे ते पुढं चालले. मग अंगणातली पायरी पण चढवेना आणि त्यांचं चालणं संपलं. पण त्या हिवाळ्यांत आमच्यातलं कोणी पडलं नाय.

आता मुलं हौसेनं तोच घाट चढतात. पाठीला पिशव्या, पायाला भारी बूट. कोणी पाणी मागायला आलं की मी विचारते, तुमच्यात दमेकरी कोण? सगळे एकमेकांकडं बघून हसतात, आणि एक जण हसत नाय. त्याला पुढं घाला, एवढं सांगते.