शेवटच्या रोल नंबरची जोडीदार

वसंतराव पलंगावरून खाली पडले, तेव्हा लॅबमध्ये कोणी हसलं नाही. वसंतराव म्हणजे आमच्या नर्सिंग कॉलेजातला प्रॅक्टिसचा रबरी पुतळा. नाव मुलींनी ठेवलेलं. एरवी पडले असते तर मुली लोटपोट झाल्या असत्या. पण त्या दिवशी इंटर्नल परीक्षा होती, आणि पुतळा का असेना, पेशंट पडला म्हणजे नापास.

नापास झाली ती सायली. फर्स्ट इयर, रोल नंबर शेवटचा.

तिला दिलेलं काम नेहमीचं होतं. पेशंट पलंगावर असतानाच खालची चादर बदलायची. याला दोन नर्स लागतात. एक पेशंटला कुशीवर वळवून धरते. दुसरी जुनी चादर त्याच्या पाठीपर्यंत गुंडाळत आणते आणि नवी पसरते. मग पेशंटला दुसऱ्या कुशीवर घ्यायचं. म्हणून परीक्षेत एक मुलगी मदतनीस म्हणून शेजारी उभी असते. परीक्षा देणारीने सांगितल्याशिवाय तिने हात लावायचा नाही. सायलीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकटीनेच पुतळा वळवला, पलंगाला वळसा घालून पलीकडे धावली, चादर ओढली, आणि वसंतराव गेले.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं. मी तेव्हा या कॉलेजात नवीन होते. आयुष्य हॉस्पिटलच्या वॉर्डात गेलं, रिटायर झाल्यावर तुर्भ्याला ट्यूटर म्हणून लागले.

"ट्रस्टी सरांना पुढच्या वर्षी अ‍ॅडमिशनचा कटऑफ वाढवायचाय," मॅडम म्हणाल्या. "मुलींचे बारावीचे मार्क आणि आपले रिझल्ट ताडून बघा. कमी मार्कवाल्या इथे टिकत नाहीत, एवढं रिपोर्टमध्ये आलं पाहिजे."

"आणि तसं नसलं तर?"

"असणारच. कालचंच बघा ना. सायलीला एक रिटेस्ट देऊ. त्यातही गेली तर वडिलांना बोलावून दाखला हातात देऊ. तिलाही पुढे त्रास नको."

रिपोर्ट करायला बसले. खोटं कशाला सांगू, थिअरीत मॅडमचं म्हणणं बरंचसं खरं होतं. बारावीला बायोलॉजीत चांगल्या असलेल्या मुली अ‍ॅनाटॉमीतही चांगल्या होत्या. प्रॅक्टिकलला मात्र काही ताळमेळ बसेना. पहिल्या नंबरांतल्या काही मुली पेशंटला हात लावायला कचरायच्या, आणि मधल्या काही इंजेक्शन देताना पेशंटशी गप्पा मारायच्या. फक्त अगदी शेवटची मुलगी दर बॅचला प्रॅक्टिकलमध्ये मार खात होती. ते का, हे मला आकड्यांवरून समजेना. म्हणून सायलीलाच विचारायचं ठरवलं.

कॉलेज सुटल्यावर तिला लॅबमध्ये थांबवलं. वडील मार्केटात माथाडी, मूळ गाव साताऱ्याकडे. मुलगी उंच, पण उभी अशी राहायची की आपली उंची कोणाला दिसू नये.

"मदतनीस शेजारी होती. तिला हाक का नाही मारलीस?"

"सुचलंच नाय, मॅडम. मला सवय नाय ना."

"अगं, प्रॅक्टिस कोणाबरोबर केलीस?"

"एकटीनंच. जोड्या रोल नंबरनं लावतात. एक-दोन, तीन-चार अशा. इथं दर बॅचला पोरी विषमच घेतात. मला कोण उरतच नाय."

"मग कोणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? रोल नंबर मार्कांवर देतात. सगळ्यांना म्हाईत हाय, मी शेवटची." ती वसंतरावांचा सदरा नीट करत होती. "डबा खायला पण त्या जोडीजोडीनंच बसतात."

मला राग आला. असा की हातातला पेन मी टेबलावर आपटला. दर वर्षी आपणच एका मुलीला एकटं पाडायचं, आणि ती पडली की म्हणायचं, बघा, मार्क कमी होते!

आणखी एक गोष्ट मनात आली, तीही सांगते. स्टाफरूममध्ये डबा मीही एकटीच खात होते. बाकीच्या ट्यूटर माझ्या भाचीच्या वयाच्या. मी आत गेले की त्यांच्या गप्पा अदबीने थांबायच्या. लग्न केलं नाही, भाऊ-वहिनी लांब. वॉर्डात असताना दिवसभर चारी बाजूंनी 'सिस्टर, सिस्टर' चालायचं. जीव नकोसा व्हायचा. इथे सगळे मॅडम म्हणतात, आणि तेही कमीच.

"उद्यापासून मी तुझी पार्टनर," मी म्हटलं.

"तुमी?"

"का, मला येत नाही वाटतं?"

रोज कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघी आणि वसंतराव. चादरीचे कोपरे ती सुरेख बसवायची, तिथे शिकवण्यासारखं काही नव्हतं. अडत होतं ते तोंड उघडायला. वळवायची वेळ आली की ती आपली एकटीच रेटायला लागायची. मी हाताची घडी घालून उभी राहायचे.

"मॅडम, जरा..."

"वॉर्डात मॅडम कुठली? सिस्टर म्हण. आणि नुसतं 'जरा' नाही, काय करू ते सांग."

"सिस्टर, तुमच्या बाजूला वळवून धरा."

"ऐकू नाही आलं."

"सिस्टर, धरा ना!" ती ओरडली, आणि मग दोघी हसत सुटलो. कित्येक दिवसांत मी तशी हसले नव्हते. स्टेशनपर्यंत आम्ही बरोबर जायचो. ती कोपरखैरण्याकडे, मी सीवूड्सला. फ्लॅटचं दार उघडताना मी उद्या तिच्याकडून काय करून घ्यायचं याचा विचार करत असायचे.

रिपोर्ट दिला. थिअरीचं जे होतं ते लिहिलं, आणि खाली जोड्यांचं लिहिलं. जोड्या दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून लावाव्यात. एकटी उरणाऱ्या मुलीला तिघींच्या गटात घ्यावं.

मॅडमनी वाचलं. "एवढ्याने फरक पडेल?"

"रिटेस्टला बघा."

रिटेस्टला मॅडम स्वतः येऊन बसल्या. मदतनीस म्हणून वर्गातलीच एक मुलगी होती. मी भिंतीशी उभी. सायलीने हात धुतले, चादर उलगडली, वसंतरावांच्या खांद्याला हात घातला आणि थांबली. मला वाटलं, गेली परत.

"सिस्टर, इकडे या. तुमच्या बाजूला वळवून धरा."

मी पाऊल पुढे टाकलं होतं. मदतनीस मुलगी माझ्यासमोरून पलंगापाशी गेली, तेव्हा मी ते मागे घेतलं.

सायली पास झाली. ट्रस्टी सरांनी कटऑफ वाढवलाच, पण चिठ्ठ्यांची पद्धतही सुरू झाली. या महिन्यात सायली तिघींच्या गटात आहे. कॉरिडॉरमध्ये दिसली की "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणते आणि मैत्रिणींबरोबर निघून जाते. तसंच व्हायला हवं होतं. सूचना माझीच होती.

बारावीच्या मार्कांवरून मुलगी पुस्तक किती वाचेल ते बऱ्यापैकी कळतं. तिला जोडीदार दिली होती का, हे त्यावरून कळत नाही. ते आपण बघायचं असतं.

कॉलेज सुटलं की हल्ली मी लवकर घरी पोचते. रविवारी पलंगाची चादर बदलते. इकडचा कोपरा बसवला की तिकडचा सुटतो. मग वळसा घालून तिकडे जायचं.