गौराच्या भिंतीतल्या तुराट्या

हे मी तुळजापूरच्या देवीपुढंही बोलले नाही. दरवर्षी जाते, ओटी भरते, ओठ मिटून परत येते. आज तुला सांगते — ऐकशील?

निजामाच्या अमलातली गोष्ट. आमच्या गल्लीत आग लागून घरं जळाली. मग चावडीवरून दवंडी फिरली — घरापुढं काट्याचं कुंपण नको, तुरीच्या वाळल्या काड्यांचा, तुराट्यांचा कूड नको. भिंत मातीची, नाहीतर दगडाची. मी माती तुडवून भिंत उभी केली. शेजारच्या गौराचा नवरा सोलापूरला गिरणीत. माती वाहायला गडी नाही, गाडी नाही. तिनं जुन्या कुडावरच पांढऱ्या मातीचा अन् शेणाचा जाड गिलावा चढवला. वर बोटांनी मोर काढले.

"वैनी, आतून तुराट्याच हायत. कुणाला सांगू नगा," ती म्हणाली. विश्वासानं म्हणाली.

आणि आमचे हे — रोज त्या भिंतीपुढं थांबायचे. "भिंत असावी तर अशी! आपली म्हंजी बसलेली म्हैस." वर हसायचे. माझी भिंत खरी होती, हुकमाप्रमाणं होती. मग कौतुक तिचं का? तिच्या हाताचं — की तिचंच? विचारायची हिंमत कुठं होती मला?

मी कुणाला सांगितलं नाही. खरंच नाही. तहसिलीचा गिरदावर भिंती तपासायला यायचा होता, त्या दुपारी गौरा पाण्याला गेली — आणि मी खुरप्यानं तिच्या भिंतीचा कोपरा खरवडला. तुराट्या दिसेपर्यंत.

दिवस मावळायच्या आत गिरदावरानं कूड पाडायला लावला. गौराची न्हाणी रस्त्यावर उघडी पडली. मी खरवडलेल्या त्या कोपऱ्याला तिची शेळी बांधलेली असायची. "तुझ्या शिंगांनी मला उघडं पाडलं गं, रांडं!" म्हणत तिनं शेळीला बडवलं, अन् पुढच्या बाजारी विकली. तिची लहान पोर त्याच दुधावर होती. मी दारात उभी होते.

पुढं ती आमच्याच न्हाणीत अंघोळीला यायची. फुकट नको म्हणून जाताना माझ्या चुलीपुढं सारवून जायची. तिच्या पोतेऱ्याचे चंद्र एकासारखा एक उमटायचे. हे जेवायला बसले की ताटाआधी जमिनीकडं बघायचे.

आणि मला — तेव्हाही — हेवाच वाटायचा.