वजा आवाज

आमच्या बजाजनगरात बद्रीनाथइतका ‘नको’ म्हणणारा माणूस दुसरा नाही. पंगतीत मठ्ठा नको, मोबाइलला कव्हर नको, घराला बेल नको. वाळूजच्या कारखान्यात तो बिघडलेली मशीनं दुरुस्त करतो आणि घरी येऊन धडधाकट कॉम्प्युटर दुरुस्त करतो.

बाकीचे लोक प्रोग्राम तयार घेतात. बद्रीनाथच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी जेंटू नावाची सिस्टीम, तिच्यात तसं नसतं. मूळ कोड आणायचा आणि प्रोग्राम आपल्याच मशीनवर बांधून घ्यायचा. बांधण्याआधी सांगता येतं, ही सोय हवी, ती नको. नको त्या शब्दाआधी वजाचं चिन्ह. छपाई वजा, ब्लूटूथ वजा, आवाज वजा. असला संन्यासी कॉम्प्युटर तो आम्हाला कौतुकानं दाखवायचा. आम्ही चहा येईपर्यंत बघायचो.

मग शुगरनं त्याच्या बायकोची, सरितावहिनींची नजर गेली. छापील अक्षर दिसेनासं झालं. वहिनी रोज वाचणाऱ्या. बद्रीनाथ शिफ्टवरून येऊन त्यांना कादंबरी वाचून दाखवू लागला, पण दुसऱ्या पानावर त्याची मान पडायची.

“अहो, ती बाई चार दिवस झाले विहिरीपाशीच उभी हाय,” वहिनी म्हणाल्या. “तिला घरी तरी न्या.”

“उद्या नेतो.”

“नाय. मला तुमच्या झोपेवर वाचायचं नाय. माझं मला वाचू द्या.”

तेव्हा त्यानं मराठी वाचून दाखवणारा प्रोग्राम बांधायला घेतला. त्याला खाली दुसरा प्रोग्राम लागे, दुसऱ्याला तिसरा. रविवारभर मशीन घरघरत होतं. संध्याकाळी वहिनींना खुर्चीत बसवून त्यानं कादंबरीची फाइल उघडली. चूक कुठंच दिसत नव्हती. पडद्यावर ओळी सरकत होत्या. खोली गप्प.

“सुरू केलं का?”

“वाचतोय तो.”

“मनातल्या मनात?”

बद्रीनाथ हसला नाही. त्यानं आवाज दिला होता तो फक्त वरच्या प्रोग्रामला. प्रत्यक्ष उच्चार करणारा खालचा प्रोग्राम सगळ्या मशीनला लागू असलेल्या त्याच्याच जुन्या हुकमाखाली बांधला गेला होता, आवाज वजा. तो बिचारा इमानानं मुका राहून वाचत होता.

मी तिथंच होतो. म्हटलं, “त्या एकट्याचं वजा काढ, लवकर होईल.”

“हिच्यासाठी एकेक फट कुठवर उघडू?” म्हणत त्यानं सगळ्या मशीनचंच वजा पुसलं. पुन्हा बांधणी सुरू.

सकाळी शिफ्टची बस यायच्या बेतात असताना मशीन बोललं. पत्र्याच्या डब्यातून कुणी हजेरी घ्यावी तसा आवाज. बद्रीनाथ ओशाळला.

“लई रुक्ष हाय. संध्याकाळी सुधारतो.”

वहिनींनी हातानंच त्याला थांबवलं. एक पानभर ऐकलं.

“याला जरा भरभर वाचायला लावा,” त्या म्हणाल्या. “लई मागं राहिलंय माझं.”

बद्रीनाथनं वेग वाढवला आणि दारात उभा राहिला. वहिनींनी मान हलवली. ती त्याच्यासाठी नव्हती, पुस्तकातल्या कुणासाठी तरी होती. मग तो जिना उतरला.