तोमे हामायानं नाकारलेली सही

तुमचं गाव कुणाच्या ताब्यात राहणार, हे दोन सरकारं पत्रापत्रीतून ठरवतायत आणि तुमचाच शेजारी आभाराच्या तारेचा मजकूर घेऊन दारात उभा आहे. करणार सही?

१९५६च्या ऑक्टोबरात जपानच्या उत्तरेकडच्या नेमुरो बंदरावर तोमे हामायापुढं असा कागद आला. तोमे समोरच्या कुनाशिरी बेटावरची. १९४५ला जपान युद्ध हरल्यावर रशियन शिपाई बेटावर उतरले आणि पुढं सगळ्या गावाला जहाजात कोंबून हाकललं. तिची तीन वर्षांची लेक किनु तिथल्याच मातीत राहिली. त्या मातीपाशी जायचं, एवढंच तिचं राजकारण.

नेमुरोत ती वखारीत समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ निवडायची. जुडी आली की वरची पानं बघायचीच नाही, थेट पोटात हात. वर चकचकीत, आत कुजकं भरणारे कोळी तिला बघून म्हणायचे, "आली फौजदारीण!"

कागद आणणारा सुगावारा बेटवाल्यांच्या मंडळाचा चिटणीस. तो शिकोतान बेटावरचा.

"वहिनी, मॉस्कोत रशियाबरोबरच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. पंतप्रधानांना आभाराची तार करतोय. नाव लिहा."

"मॉस्कोत काय लिहिलंय ते वाचा आधी. आणि गेल्या महिन्यात दोन्ही सरकारांची पत्रं गेली-आली ना? तीही आणा."

"तुम्ही काय परराष्ट्रमंत्री?"

"नाही, म्हणून तर मागतेय."

कुरकुरत त्यानं मंडळातून जाहीरनामा छापलेलं ताजं आणि पत्रं छापलेलं जुनं वर्तमानपत्र आणलं. तोमेनं दोन्ही कागद फळीवर शेजारी ठेवले. पत्रात होतं, तहाची बोलणी प्रदेशांच्या प्रश्नासकट पुढं चालतील. जाहीरनाम्यात नुसतं, तहाची बोलणी पुढं चालतील. आणि तह झाल्यावर हाबोमाई नि शिकोतान ही दोन बेटं जपानला परत.

"मधले शब्द कुणी खाल्ले?"

"अहो, पत्रात आहेत ना! मोठ्या लोकांचं असंच असतं."

"वर तुमचं शिकोतान मांडलंय. कुनाशिरी कुठाय?"

"सरळ बोला, माझ्यावर संशय आहे."

"आहेच. तुमचं बेट यादीत नसतं, तर फिरला असता का हा कागद घेऊन?"

सुगावारा लाल झाला. "तुमच्या हट्टापायी आमचंही जाईल! रशियनांना आपल्यात फूटच हवीय."

हे तिला लागलं. खरंही असेल. पण हे वाक्य त्याचं स्वतःचं, की टोकियोहून कुणी पढवलेलं?

"तारेत एक ओळ घाला," ती म्हणाली. "कुनाशिरी आणि पलीकडच्या एतोरोफू बेटाचं बोलणं होणार, याची हमी कुठल्या कागदात आहे? मग करते सही."

"आभाराच्या तारेत प्रश्न?"

"मग आभार कसले?"

तार तिच्याविना गेली. वखारीतल्या बायका जेवायला लांब बसू लागल्या. तिनं दोन्ही वाक्यं एकाखाली एक उतरवून मंत्रालयाला पाठवली. उत्तर आलं: आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद. कसलं सहकार्य? डोंबलाचं!

चार वर्षांनी मॉस्कोचं नवं पत्र आलं. जपानमधलं परदेशी, म्हणजे अमेरिकी, सैन्य जाईपर्यंत ती दोन बेटंही नाहीत. सुगावारा पुन्हा आला, टोपी हातात धरून.

"वहिनी, निषेधाची तार करायचीय. मजकूर तुम्ही सांगा."

तोमेला यातही वास आला. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मीच आलो."

तिनं मजकूर सांगितला, चारी बेटांची नावं घालून. त्यानं लिहिलेला कागद तिनं ओढून घेतला, दोनदा वाचला, तेव्हा कुठं सही केली.

तुमच्या दारात कागद आला, तर आणणाऱ्याला ताटकळत उभं ठेवा आणि आधीची सगळी पत्रं मागा. तो चिडला, तर चिडू दे.