नेब्रास्काला का जावे?

अमेरिकेत नेब्रास्का नावाचं एक राज्य आहे आणि तिथे जाण्याची कारणं मी नोएडात बसून शोधून काढली.

खरं तर काही गरज नव्हती. आमची मृणाल आणि जावई कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी तिथे गेले, एवढंच. पण आमच्या नव्या सोसायटीत ज्याचा त्याचा मुलगा न्यूजर्सीत! समोरच्या मिसेस छाबडांनी लिफ्टपाशी हिला विचारलं, "नेब्रास्का? वो अमरीका में ही है ना जी?"

ही घरात शिरली ती पर्स सोफ्यावर आपटतच. "अहो, काहीतरी करा! बिल्कुल इज्जत राहिली नाही आपली!"

आता, मी दिल्लीत केंद्र सरकारात जन्मभर प्रस्ताव मांडलेले. ज्यात काडीचा दम नाही त्याची बाजू मांडायची, हीच माझी नोकरी. (बढत्याही त्यावरच मिळाल्या.) रविवारी छाबडा दांपत्याला चहाला बोलावलं.

"वहाँ देखने लायक है क्या?" छाबडांनी समोसा उचलत विचारलं.

"बिजली," मी म्हणालो. "जाती ही नहीं!"

समोसा हवेतच थांबला. "पानी?"

"चौबीस घंटे! टँकर तो किसी ने देखा ही नहीं."

"और पार्किंग?"

"जहाँ जी चाहे!"

मग मला आवरेना. आभाळाला टेकलेली मक्याची शेतं, नदीवर उतरणारे क्रौंच पक्ष्यांचे थवे, आणि गायी तर अशा की मथुरेच्या गायींनी लाजून तोंड फिरवावं! शेवटी हिच्याकडे बघत म्हणालो, "और हमारी मृणाल तो है ही. घर का खाना मिलेगा!" हिने खूश होऊन मला दुसरा समोसा वाढला (मधुमेह असून!).

त्या उन्हाळ्यात छाबडा मुलाला भेटायला अमेरिकेला गेले, ते न्यूयॉर्क वगळून सहा जणांनिशी मृणालच्या दोन खोल्यांत उतरले. परत येऊन त्यांनी गच्चीवर असं काही वर्णन केलं, की पाठोपाठ तळमजल्यावरचे गुप्ता निघाले. त्यांच्या मागून त्यांचे साडू. मग मृणालचा फोन आला.

"बाबा, लहानपणी मी कुठे झोपायचे?"

"कुठे म्हणजे? आपल्या घरी!"

"हॉलमध्ये, सतरंजीवर! महाराष्ट्रातून जो कुणी आग्रा बघायला निघायचा, तो माझ्या पलंगावर असायचा! आम्हाला शिकागोतही नोकरी होती, बाबा. नकाशा बघून मुद्दाम इथे आलो. इथे कुणी म्हणजे कुणी येत नाही म्हणून!"

मला फार वाईट वाटलं. धीर द्यायला म्हणालो, "बेटा, आता सोसायटीतले फक्त वर्माच राहिलेत."

फोन बंद झाला.

दिवाळीनंतर त्या दोघांनी राज्यच बदललं. कुठलं, ते हिला कळवलं, मला नाही. मी पुष्कळदा विचारून पाहिलं. ही मेथी निवडत, मान वर न करता म्हणते, "आहे एक. बघण्यासारखं काही नाही तिथे."