नॅशनल पार्कात वाळत घातलेले बोंबील

हसायचं तर हसा, पण हातातला चहा आधी खाली ठेवा. सांडलात तर मी पुसायची नाही!

आम्ही वेसाव्याचे कोळी. गोष्ट सत्तर-बहात्तर सालची. माझ्या नणंदेचं, मंजुळाचं, लग्न जमत आलेलं. म्हणजे मुलाची आई राजी, आम्ही राजी, मंजुळा तर एका पायावर तयार. आणि मुलगा? प्रभाकर त्याचं नाव, ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातला. तो हो पण म्हणेना, नाही पण म्हणेना! बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, दाराजवळच्या माहिती केंद्रात नोकरीला. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारा. त्यानेच निरोप धाडला, "रविवारी पार्क बघायला या."

सासूने मला बजावलं, "होकार घेतल्याशिवाय परत यायचं नाही. आणि रिकाम्या हाताने जायचं नाही. त्याच्या आईसाठी ताजे बोंबील ने, संध्याकाळी तो घरी नेईल."

मी पण काय कमी? नोकरीवाल्या मुलासमोर जायचं म्हणून जन्मात पहिल्यांदा पाचवारी गोल साडी नेसले. पायात चपला, डोक्यावर बोंबलांची पाटी. आमचे हे म्हणाले, "वरून कोळीण, खालून मास्तरीण!"

पोचेपर्यंत ऊन चढलं. प्रभाकर मंजुळाला आणि ह्यांना तलाव दाखवायला घेऊन गेला. म्हटलं, जाऊ दे, दोघं जरा बोलतील तरी. मी केंद्राच्या अंगणात पाटीजवळ बसले. पाटीत हात घातला, तर बोंबील मऊ पडायला लागलेले! बोंबील म्हणजे नुसतं पाणी हो, संध्याकाळपर्यंत टिकतोय कुठे? माझी तर वाटच लागली.

समोर बघते तर झकास दोरी! बांबू रोवलेले, त्यांना ताणून बांधलेली. आता मला सांगा, कोळणीला अशी दोरी दिसल्यावर दुसरं काही सुचतं का? मी उठले, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले आणि टाकले दोरीवर. रांगच्या रांग! लोकांनी फुलझाडांत शिरू नये म्हणून ती बांधली होती, हे मला कोण सांगणार?

पाच मिनिटांत घार आली. मग दुसरी, मग चार. मी चप्पल हातात घेऊन "हाड! हाड!" करत धावतेय, तर खालून मुंगूस! त्याला हाकलते, तर मागून त्याची बायको. आणि झुडपातून ही एवढी घोरपड, जेवणाच्या सुट्टीतल्या साहेबासारखी सावकाश चालत आली. मी बाकावर चढले आणि बोंब ठोकली.

तेवढ्यात पार्कातली लेणी बघून माणसं परतली. सगळी चिडलेली. सकाळपासून एक खारसुद्धा दिसली नाही, म्हणून तक्रारीची वही मागायला आलेली. आणि समोर बघतात तर काय!

"अरे, घोरपड! खरी घोरपड!"

"बाबा, मुंगूस बघा, मुंगूस!"

पोरं बाकांवर, बाया पायऱ्यांवर, सगळ्यांच्या टाळ्या. एक चष्मेवाले गृहस्थ मला विचारतात, "बाई, हा कार्यक्रम रोज किती वाजता असतो?"

"रोज कुठला हो! आजच नशीब फुटलंय माझं!"

आरडाओरडा ऐकून मोठे साहेब बाहेर आले. आणि नेमकी त्याच वेळी आमची मंडळी तलावावरून परतली. दोरी बघून प्रभाकर पांढराफटक. मंजुळाच्या डोळ्यांत पाणी. "वहिनी, काय केलंस गं हे!"

साहेब गरजले, "प्रभाकर! कोण ही बाई?"

खलास! म्हटलं, आता हा म्हणणार, मी ओळखत नाही. लग्न मोडलं, आणि मोडलं कोणी? मी! मंजुळा मला जन्मभर बोल लावणार.

प्रभाकरने एकदा मंजुळाकडे बघितलं. गळ्याजवळचं बटण सोडलं. आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "साहेब, माझ्या सासरच्या आहेत."

सासरच्या! ऐकलंत? सासरच्या म्हणाला! मंजुळा तर लाजून ह्यांच्या पाठीमागेच लपली. तिकडे चष्मेवाले वही घेऊन पानभर कौतुक लिहीत बसलेले. साहेबांनी ते वाचलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि विचारलं, "पुढल्या रविवारी येतील का रे तुझ्या सासरचे?"

जिंकले ना मी! पदर खोचला, ताठ मानेने पाटी उचलायला गेले, आणि मग दोरीकडे बघितलं. एक शेपटी उरली नव्हती. आता त्याच्या आईला काय देणार, घोरपड?

काय करते! पाटी ह्यांच्या हातात दिली, ह्यांना लांब उभं केलं आणि गुपचूप बोरिवलीच्या मच्छीबाजारात शिरले. वेसाव्याची कोळीण, आणि बोंबील विकत घेते! तिथल्या कोळणीने माझ्या गोल साडीकडे वरून खाली बघितलं. "कुठची गं तू?"

वेसाव्याचं नाव कुठल्या तोंडाने घेऊ? म्हटलं, "पुण्याची."

"तरीच! मग नीट ऐक बाय. ह्याला बोंबील म्हणतात. घरी नेलेस की आधी मीठ लाव, वर वजन ठेव, म्हणजे पाणी सुटेल. आणि काय गं, कापायला जमेल ना तुला?"

बोंबलांच्या राशीत रांगायला शिकलेली मी, मान खाली घालून म्हणाले, "प्रयत्न करते हं, ताई."