मख्लूफकाकांचं अंजीर

इस्रायलमधल्या सफेद गावातल्या आमच्या गल्लीत निम्म्या भिंतींवर मख्लूफ ओहानांच्या हातचा निळा रंग आहे. मोरोक्कोच्या डोंगरातून आलेला हा रंगारी एक्याऐंशीचा झाला, तरी पहाटे सिनेगॉगमध्ये ग्रंथ वाचायला माझ्या आधी हजर. मी शिंपी, त्यांचा वीस वर्षांपासूनचा शेजारी. त्यांचं तत्त्वज्ञान मशीन चालवता चालवता फुकट ऐकायचं, हे माझ्या नशिबी.

"शिमॉन, एदेनच्या बागेत ज्ञानाचं आणि जीवनाचं अशी दोन झाडं नव्हतीच रे. झाड एकच, आणि तेही इथं." ते छातीवर बोट ठेवत. "हावरेपणानं बघितलं की तेच ज्ञानाचं झाड, मरण देणारं. हात आवरून बघितलं की तेच जीवनाचं. देवानं नको म्हटलेलं फळ खाण्याआधी आदामला थोडा धीर धरवला असता तर!"

"तुमच्यासारखं तीन वर्षं अंजिराच्या तोंडाकडे बघत बसायला हवं होतं त्यानं," फ्रेहाकाकू आतून टोमणा मारायच्या.

धीर शिकायलाच काकांनी अंगणात अंजिराचं रोप लावलं होतं. आम्हा ज्यूंमध्ये नव्या झाडाचं फळ पहिली तीन वर्षं कुणी तोंडात घालत नाही. मधल्या काळात काकांच्या हृदयानं दोनदा दगा दिला. "हे एक अंजीर खाल्लं की मी मोकळा," असं ते डॉक्टरलाही सांगून आले होते.

यंदा चौथं वर्ष, म्हणून त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. पहिलं पिकलेलं अंजीर तोडून पुसलं, प्रार्थनेसाठी डोळे मिटले. आणि तेवढ्यात मला आठवलं. ते रोप लावायला खड्डा मीच खणला होता, आईच्या पुण्यतिथीहून परत येऊन. म्हणजे आमच्या आव महिन्याची एकोणीस तारीख, नवं वर्ष दीड महिन्यावर. पंधरा आवनंतर लावलेल्या झाडाच्या तीन वर्षांत ते सरतं वर्ष धरत नाहीत. काकांनी धरलं होतं. तिसरं वर्ष अजून चालूच होतं.

गप्प बसावं, तर या माणसाच्या जन्मभराच्या धीरावर पाणी. बोलावं, तर पुढचा उन्हाळा ते बघतील याची खात्री कुणी द्यायची?

"काका, थांबा," मी म्हणालो, आणि तारीख सांगितली.

त्यांनी बोटांवर हिशेब केला, दोनदा. चेहरा पार उतरला. मला माझी जीभ छाटून टाकावीशी वाटली. मग ते वाकले, हातानं माती उकरून अंजीर पुरलं आणि तिथंच फतकल मारून हसायला लागले.

"आदामला थांब म्हणणारा शेजारी नव्हता बघ."

"बायको होती की," काकू म्हणाल्या.

"फळ तिनंच तर दिलं!"

"मग मी आपला चहाच देते," म्हणत काकू आत गेल्या.

काकांनी मातीचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. इतकं निवांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"पुढच्या वर्षी मी नसलो तर तू खा," ते म्हणाले. "पण प्रार्थना मोठ्यानं म्हण हां. मला ऐकू आली पाहिजे."